थेंबमिस्त्री

थेंबमिस्त्री मंगळवारी दुपारी वारले. फोन त्यांच्या मुलीने केला. मी तेव्हा वाचनालयात नव्या पुस्तकांवर क्रमांक घालत होते. फोन ठेवला, हातातल्या पुस्तकावर क्रमांक घातला आणि रजेचा अर्ज लिहायला घेतला.

ते कोणत्याही वस्तूकडे आधी वरून बघत नसत. वाकत, मान तिरपी करत आणि खाली बघत. वाचनालयात पहिल्यांदा आले तेव्हा माझ्याशी बोलण्याआधी ते दाराजवळच्या पाण्याच्या कूलरखाली वाकले होते. मला वाटले, त्यांचे काही पडले असावे. उठून उभे राहिले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "बाई, तुमचा नळ रडलालाय. आत्ता थोडा रडतोय. पावसाळ्यापर्यंत फरशी उचलंल." आमची ओळख अशी झाली. पुढे एका लग्नात ते मला दिसले. सगळा मांडव अक्षता टाकायला उभा राहिला होता आणि मिस्त्री मांडवामागच्या जनरेटरखाली डोके घालून बसले होते. हातातल्या अक्षता मात्र त्यांनी मुठीत धरून ठेवल्या होत्या. योग्य वेळी त्यांनी त्या तेथूनच मांडवाच्या दिशेने टाकल्या.

त्यांचे खरे नाव नरसय्या. घरी तेलुगू बोलत, शेडमध्ये मराठी, आणि गाडी कर्नाटकातून आली असली तर कामापुरते कन्नड. तरुणपणी ते यंत्रमागावर होते. माग बंद पडत गेले तसे ते ट्रॅक्टरकडे वळले आणि तेथून हायड्रॉलिककडे. हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे काम. जेसीबीचा हात उचलला जातो, उसाची ट्रॉली कलते, ट्रॅक्टरचे स्टिअरिंग हलके फिरते, ते बंद नळ्यांतल्या तेलामुळे. एखादा जोड सैल असला की तेल झिरपते. "जुनी मशीन हाय, थोडं गळणारच," हे वाक्य सोलापूरच्या अक्कलकोट रोडवरच्या बहुतेक शेडमध्ये ऐकू येत असे. मिस्त्रींच्या शेडमध्ये ते म्हणायची सोय नव्हती. एका थेंबासाठी त्यांनी एकदा दोन दिवस जेसीबी अडवून ठेवला आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या. "थेंबमिस्त्री" हे त्या मालकाने चिडून दिलेले नाव. यांनी ते शेडच्या पाटीवर रंगवून घेतले.

काम संपले की प्रत्येक जोडाखाली ते वर्तमानपत्राचा कागद अंथरत आणि गाडी चालू ठेवून चहाला जात. परत आल्यावर कागद उचलून उजेडात धरत. डाग नसला तरच गाडी मालकाच्या ताब्यात. हा कागद न्यायला ते दर दुसऱ्या शनिवारी आमच्याकडे येत. रद्दीच्या गठ्ठ्याशी उकिडवे बसत आणि एकेक पान अंगठ्याने चोळून बघत. पान कोणत्या भाषेतले आहे याचे त्यांना काही नव्हते. चकचकीत पुरवण्या तेवढ्या बाजूला काढत. "ह्याच्यावर थेंब बसत न्हाई की बाई, घसरतो. साधा कागद बरा." मी सगळे आयुष्य कागदावर काय छापले आहे ते जपण्यात घालवले होते. छापलेल्याकडे ढुंकूनही न बघणारा हा माणूस समोर बसून पाने चोळत असला, की सुरुवातीला मला थोडा रागच येई.

एका शनिवारी त्यांनी पिशवीतून एक तेलकट इंग्रजी पुस्तिका काढून माझ्या टेबलावर ठेवली. चौथीनंतर त्यांची शाळा सुटली होती. मराठी अक्षरे ते लावत, इंग्रजीपुढे मात्र हात टेकत.

"तुमी वाचा. मराठीत सांगा. पर समजावून सांगू नका."

"समजावून न सांगता कसं सांगायचं, मिस्त्री?"

"जे लिहिलंय तेवढंच सांगा. समजून मी घेतो. तुमी समजावाया लागला की तुमच्या डोक्यातली मशीन मधी येती. माझ्यासमोर दुसरीच उभी असती."

मी पदवी घेतलेली, भाषांतराची थोडी हौस असलेली. हे ऐकून मी जरा दुखावले. पण पुढच्या काही महिन्यांत मला कळले, की एखादे वाक्य आहे तेवढेच सांगणे किती कठीण असते. ते डोळे मिटून ऐकत. मध्येच हात वर करून म्हणत, "परत." मी ओळ परत वाचायची. कधी चार-चार वेळा. त्यांच्या मुलीने फोनवर भाषांतराची सोय करून दिली होती, पण ती त्यांना मानवली नाही. "फोन लई हुशार हाय. पर 'परत' म्हटलं की पैल्यापासनं सुरू करतंय," असे सांगून ते पुन्हा माझ्यासमोर येऊन बसले. मला त्याचा आनंद झाला होता हे मी त्यांना कधी सांगितले नाही.

उजनीकाठचे तात्या त्यांच्याकडे आले तेही अशीच एक पुस्तिका घेऊन. सोबत एक मोठे खोके होते. तात्या धरणाच्या फुगवट्यावर नाव चालवत. पलीकडच्या गावाला रस्त्याने जायचे तर लांबचा वळसा पडतो, नावेने पाव तास. शाळेचे शिक्षक, केळीच्या बागेत कामाला जाणाऱ्या बाया, दवाखान्याला निघालेली माणसे त्यांच्या नावेतून जात. थंडीत पक्षी बघणारे येत. नाव त्यांनी कोकणातून जुनीच आणली होती. तिचे इंजिन मागच्या बाजूला नावेच्या पोटात आणि त्याला जोडलेला लोखंडी पाय मागच्या भिंतीतून बाहेर, पाण्यात. पंखा त्या पायाला. अशा नावेला वेगळे सुकाणू नसते. पुढे चाक फिरवले की मागे हा पाय वळतो आणि नाव वळते. चाकापासून पायापर्यंत एक जाड केबल होती. ती आतून गंजून आवळली होती.

धडधाकट होते तोवर तात्यांना त्याचे काही वाटले नाही. मग ते केळीच्या ट्रॉलीवरून पडले आणि उजवा खांदा मोडला. हाड जुळले, पण हाताला जोर परत आला नाही. वारा सुटला की चाक ओढता येईना. त्यांचा मुलगा महादेव म्हणाला, नाव विकू. त्याच्या बोलण्यात लोभ नव्हता. भरल्या नावेत वडिलांचा हात कधीतरी दगा देईल ही त्याची भीती होती आणि ती खोटी नव्हती. कुणीतरी तात्यांना सांगितले, की केबल काढून तेलावरचे स्टिअरिंग बसवले तर चाक दोन बोटांनी फिरते. त्यांनी मुंबईहून खोके मागवले. बसवून देणारा माणूस मात्र एका नावेसाठी इतक्या लांब यायला तयार होईना. म्हणून खोके मांडीवर घेऊन ते एस.टी.ने सोलापूरला आले, आणि मिस्त्री त्यांना घेऊन थेट वाचनालयात.

"बाई, हे तात्या. उजनीत ह्यांची नाव चालती."

तात्या खुर्चीच्या कडेवर टेकले. पुस्तकांच्या कपाटांकडे बघत मला म्हणाले, "मिस्त्रींनी नाव कदी बगितली न्हाय म्हनं."

"बघितली की," मिस्त्री म्हणाले. "तळ्यात. पायानं मारायची."

"आन् पवता येतंय का तुमाला?"

"न्हाई."

"मग कुटं येताय आमच्या धरनावर."

"तात्या, तुमाला स्टिअरिंग बसवून पायजे का मला पवायला शिकवायचंय?"

तात्या हसले नाहीत. खोक्यावर तळहात ठेवून म्हणाले, "बसवून पायजे. पुढल्या सोमवारी नाव बगायला गिऱ्हाईक येनार हाय. पोरानं बोलावलंय. त्याच्या आदी चाक हलकं फिरलं तर नाव ऱ्हाती, न्हाय तर जाती."

म्हणजे मध्ये एक शनिवार होता. त्या शनिवारी मिस्त्री दुपारभर बसले आणि मी पुस्तिका शेवटपर्यंत वाचून दाखवली. चाकामागे एक छोटा पंप, तेथून दोन नळ्या मागे, मागे एक सिलिंडर. चाक एका बाजूला फिरले की एका नळीतून तेल जाते आणि सिलिंडरचा दांडा सरकतो, दुसऱ्या बाजूला फिरले की उलटा सरकतो. "ट्रॅक्टरच हाय की," मिस्त्री म्हणाले. तेलाच्या पानावर मात्र थांबले. सोबत दिलेल्या तेलाशिवाय दुसरे वापरल्यास रबर फुगते, असे तेथे होते. त्यांनी ते तीनदा वाचून घेतले आणि आपले नेहमीचे तेल न्यायचे रद्द केले. निघताना म्हणाले, "पुस्तक तुमाला वाचता येतंय, काम मला येतंय, आणि नाव तितं. मग कसं करायचं?" सोमवारी वाचनालयाला सुट्टी असते. मी येते म्हणाले.

त्यांच्या छोट्या टेम्पोतून आम्ही सकाळी लवकर निघालो. पुढच्या फळीवर हत्यारांची पेटी, टॉवेलच्या कारखान्यातल्या पांढऱ्या कात्रणांचे पोते आणि कडक भाकरी व शेंगाचटणीचा डबा होता. काळे फडके त्यांना चालत नसे, कारण काळ्यावर तेल दिसत नाही.

ट्रॅक्टरने नाव ट्रॉलीवर घेऊन काठाला ओढलेली होती. तो काठ उताराचा. नावेचे तोंड कोरड्यावर होते आणि मागचा पाय गुडघाभर पाण्यावर लोंबत होता. मिस्त्रींनी एकदा त्या पाण्याकडे पाहिले आणि शिडी लावून पुढून नावेत चढले. तात्यांनी सुरक्षेसाठीचे नारिंगी जाकीट देऊ केले, तर ते त्यांनी कोरड्यावरच अंगात चढवून सगळे पट्टे आवळून घेतले.

"आवो, आजून नाव जमिनीव हाय," तात्या म्हणाले.

"पर पाणी जवळ हाय की."

दुपारपर्यंत त्यांनी काम केले. जुनी केबल बाहेर ओढली तेव्हा तिच्यातून लाल भुकटी पडली. पायाचा एक दांडा भिंतीतून नावेच्या आत आलेला असतो. सिलिंडर त्याला जोडला. पंप चाकामागे बसवला, नळ्या आवळल्या. मग नळ्यांतली हवा काढायची होती. हवेबद्दल ते आधीही बोलत. "तेल दाबलं तर दबत न्हाई. हवा दबती. आत हवा ऱ्हायली की चाक फिरतं आणि काम हुत न्हाई. माणसाला वाटतं, झालं." तात्या डाव्या हाताने सावकाश चाक फिरवत होते, मी पंपात तेल ओतत होते, आणि मिस्त्री मागे वाकून पारदर्शक नळीतले बुडबुडे मोजत होते. मोजायचे ते तेलुगूत. "वकटि, रेंडु, मूडु..." बुडबुडे संपले तरी ते बराच वेळ तसेच बसून राहिले. मग कागद अंथरला आणि आम्ही भाकरी खाल्ली. कागद कोरडा निघाला.

"तात्या, फिरवा उजवीकडं." ते आत, सिलिंडरजवळ उभे होते. दांडा उजवीकडे गेला. "आता डावीकडं." डावीकडे गेला. "बरोबर हाय. सोडा पाण्यात."

गिऱ्हाईक तोवर आले होते. काळा चष्मा घातलेला एक रिसॉर्टवाला महादेवशी काठावर बोलत उभा होता. नावेत आम्ही तिघेच. तात्यांनी इंजिन सुरू केले आणि नाव सावकाश पुढे घेतली. थोड्या अंतरावर डाव्या हाताला कुणाच्यातरी शेतीपंपाचा निळा पिंप तरंगत होता. त्याच्यापासून लांब जायला तात्यांनी चाक उजवीकडे वळवले. नाव डावीकडे गेली. त्यांनी आणखी उजवीकडे वळवले. नाव आणखी डावीकडे गेली आणि पिंपाला जाऊन धडकली. वेग नव्हता. पिंप बाजूला सरकला, एवढेच. पण काठावरच्या सगळ्यांनी ते पाहिले.

तात्यांनी इंजिन बंद केले. चाकावरचे दोन्ही हात काढून ते मांडीवर ठेवले आणि त्या हातांकडे बघत राहिले. "उजवीकडंच फिरवलं व्हतं मी," ते हळू म्हणाले. आणि मग, "का न्हवतं?"

काठावरून महादेव ओरडला, "तात्या, बास करा आता. हात बगा तुमचा."

रिसॉर्टवाल्याने चष्मा काढून पुसला. मला तो क्षण अजून दिसतो, कारण तात्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना ते पटू लागले होते.

मिस्त्री उठले. हलत्या नावेत उभे राहायला ते घाबरत होते, एका हाताने त्यांनी टपाचा दांडा घट्ट धरला होता. काठाकडे तोंड करून ते मोठ्या आवाजात म्हणाले, "तात्यांनी बरोबर फिरवलं. नळ्या मी उलट्या लावल्यात. चूक मिस्त्रीची हाय. ऐकलं का? मिस्त्रीची." मग तात्यांकडे वळून हलक्या आवाजात, "तुमचा हात बरोबर हाय. काठाला घ्या. उजवीकडं जायचं असलं की डावीकडं फिरवा, तेवढं जमतंय का बघा."

तात्यांनी नाव उलट्या चाकाने काठाला आणली. मिस्त्री म्हणाले, "बघा, उलटं बी जमतंय तुमाला," आणि तेव्हा कुठे तात्या जरा हसले.

चूक साधी होती. आतला दांडा आणि बाहेरचा पाय ही एकाच पट्टीची दोन टोके. मध्ये खिळा मारलेल्या पट्टीचे एक टोक उजवीकडे ढकलले की दुसरे डावीकडे जाते. मिस्त्रींनी आतले टोक पाहिले होते. ट्रॅक्टरवर चाके पुढे, डोळ्यांसमोर असतात. चाळीस वर्षे त्यांनी तशीच पाहिली होती. पण तेवढेच कारण नव्हते. सगळ्या आयुष्यात त्या एका दिवशी त्यांनी खाली वाकून बघितले नव्हते, कारण खाली पाणी होते.

नाव पुन्हा ट्रॉलीवर चढली. पंपाजवळ दोन्ही नळ्यांची अदलाबदल केली, सांडलेले तेल पांढऱ्या कात्रणांनी टिपले, पुन्हा तेल भरले, पुन्हा बुडबुडे मोजले. महादेव आता नावेत येऊन चाकाशी वडिलांच्या शेजारी उभा राहिला होता. मिस्त्री शिडीने खाली उतरले, नावेला वळसा घालून मागे गेले आणि चपला काठावर काढून ठेवल्या.

"आवो, मी बगतो की," तात्या वरून म्हणाले.

"तुमी चाक धरा."

ते पाण्यात शिरले. आधी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग उतारावर पाय सरकला आणि कमरेपर्यंत. त्यांनी एकदा डोळे मिटले. मग दोन्ही हातांनी ट्रॉलीची कड धरून, हनुवटी पाण्याला लागेल इतके वाकले आणि मान तिरपी करून खालून त्या पायाकडे बघू लागले. जाकीट त्यांच्या कानांपर्यंत वर आले होते.

"फिरवा उजवीकडं."

पाय उजवीकडे वळला.

"परत."

पुन्हा वळला. असे त्यांनी पाच-सहा वेळा करायला लावले. मी नावेत उभी राहून पुस्तिका उघडली होती, आणि त्याच वेळी मला शनिवारी गाळलेले एक वाक्य दिसले.

दुसऱ्या खेपेला नाव उजवीकडे म्हटल्यावर उजवीकडे गेली. तात्यांनी तिला पिंपाभोवती फिरवून आणले, मग खोल पाण्यात नेले, वाऱ्यावर तिरकी घेतली. उजवा हात त्यांनी पहिल्यांदा मांडीवरच ठेवला होता. परतताना तो चाकावर होता आणि त्याची दोनच बोटे चाकाला लागलेली होती. लांबवर उथळ पाण्यातले पक्षी एकदम उठले आणि पुन्हा बसले. नाव काठाला लागली. महादेवने तिची दोरी पकडली आणि वडिलांना उतरायला हात दिला. रिसॉर्टवाला चहा पिऊन गेला. जाताना त्याने मिस्त्रींचा नंबर मागून घेतला.

परतीच्या वाटेवर मिस्त्रींचे कपडे अर्धे ओले होते. टेंभुर्णी मागे पडली. तेव्हा मी म्हणाले, "मिस्त्री, ते पुस्तकात होतं. मी वाचलं नाही."

"कुठलं?"

मी पुस्तिका उघडून वाचले. "चाक उजवीकडे फिरवल्यावर पायाचे मागचे टोक उजवीकडे जाते, हे बाहेरून पाहून खात्री करावी."

"परत."

मी परत वाचले.

"बाहेरून असं लिहिलंय?"

"हो."

"का सोडलं?"

"वाटलं, उजवीकडे फिरवलं की उजवीकडे जाणारच. कुणालाही कळेल. तुमचा वेळ कशाला घ्या."

पुढे एक उसाची ट्रॉली चालली होती. त्यांनी तिला ओलांडले. मग म्हणाले, "तुमी वाचलं असतं तरी मी आतनंच बघितलं असतं, बाई. पाण्याला भ्यालतो मी." थोड्या वेळाने पुन्हा, "पर पुढच्या येळेला कळणारं बी वाचा. कळणारं आधी वाचा. न कळणाऱ्याला माणूस थांबतंयच की."

मी विचारले, की मग काठावर सगळी चूक एकट्यावर का घेतली. ते म्हणाले, "तात्या हाताकडं बघत हुते. त्येंला तवाच्या तवा सांगाया पायजे हुतं. तुमचं किती आणि माझं किती, हे वाटत बसलो असतो तर तवर नाव इकली असती."

त्यानंतर दर वर्षी दिवाळी झाली की ते उजनीला जात. कुणी बोलावलेले नसे. नावेतली मागची फळी उचलत, सिलिंडरखालचा कागद काढून उजेडात धरत, नवा अंथरत आणि येत. मुलगी म्हणायची, एवढ्या लांब एक कागद बदलायला कशाला जाता. ते म्हणत, "तिथं माझी चूक झालती. तिथं जास्ती बघायला पायजे." पोहायला ते शिकले नाहीत. पण तात्यांनी मला सांगितले, की दर खेपेला ते चपला काढून पाण्यात उतरत आणि नावेच्या पायाकडे खालून एकदा बघून घेत.

माझ्या कामातही थोडा बदल झाला. वाचनालयात पुष्कळ माणसे कागद घेऊन येतात, बँकेचे, दवाखान्याचे, पोरांच्या प्रवेशाचे. मी ते वाचून दाखवते. पूर्वी मी सारांश सांगत असे आणि मला त्याचा अभिमान होता. आता वरच्या ओळीपासून सुरू करते आणि कुणालाही कळेल असे वाक्य आले की जरा हळू वाचते. म्हातारी माणसे कधी कधी कंटाळतात. एका बाईने मला विचारले, "एवढं सगळं वाचायलाच पायजे का?" मी म्हटले, हो.

मंगळवारी मी त्यांच्या घरी पोहोचले तेव्हा अंगणात माणसे मावत नव्हती. ड्रायव्हर, शेडवाले, ट्रॅक्टरचे मालक. ज्याने चिडून त्यांना थेंबमिस्त्री म्हटले होते तो मालकही भिंतीला टेकून उभा होता. आत मिस्त्रींच्या उशाशी दिवा लावलेला होता. दिवा पितळेचा, जुना, एका बाजूने किंचित कलणारा. मुलीने त्याच्याखाली वर्तमानपत्राचा कागद अंथरला होता. तिने मुद्दाम तसे केले असेल असे मला वाटत नाही. त्या घरात तेलाची वस्तू ठेवायची तर खाली कागद, एवढेच. शेडमधल्या एका माणसाने तो कागद पाहिला, दुसऱ्याला कोपराने खुणावले, आणि दोघेही तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले.

मिस्त्रींचे दिवस झाल्यावर मी एका सोमवारी एस.टी.ने उजनीला गेले. तात्या काठावर वाट बघत होते. त्यांनी माझ्याकडून सगळे ऐकून घेतले, कधी, कसे, कोण कोण आले होते. मग म्हणाले, "दिवाळीनंतर त्येंनी टाकलेला कागद हाय आजून. म्या काडला न्हाय. तुमी बगा."

त्यांनी मागची फळी उचलली. मी गुडघ्यांवर बसले, वाकले आणि मान तिरपी केली. कागद आमच्या वाचनालयातलाच होता, कोपऱ्यात जांभळा शिक्का दिसत होता. मी तो काढून उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला आणि होता तसा परत ठेवला.

नाव चालू आहे. सकाळच्या फेऱ्या महादेव करतो, बाकीच्या तात्या. सिलिंडरखालचा कागद कोरडा आहे.